नसलेल्या टेकाडाला वळसा

आमच्या शेजारच्या नानांना विहिरीवर जाताना तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत, तर तुम्हाला त्यांची काळजी वाटेल. त्यांच्या मागच्या दारातून विहीर समोर दिसते. मध्ये नुसतं सपाट रान आहे, इतकं सपाट की त्यात पडलेलं लिंबू पडल्या जागीच राहतं. कोणीही माणूस नाकासमोर चालत जाईल. नाना निम्म्यापर्यंत तसेच जातात. मग एकाएकी डावीकडे वळतात, कशाला तरी मोठा वळसा घालतात, पलीकडून पुन्हा वाटेवर येतात आणि विहिरीकडे जातात. ज्याला वळसा घालतात, ते तिथं नसतं.

डोक्यावर गवताचा भारा असला तरी वळसा. पाऊस आला तरी वळसा, फक्त जरा भरभर. त्यांचं कुत्रं सरळ जातं आणि विहिरीच्या कट्ट्यापाशी बसून त्यांची वाट बघतं.

तिथं पूर्वी एक टेकाड होतं. मुरमाचं, बोडकं, माथ्यावर एक चपटा दगड असलेलं. त्याच्या कपारीत कधी काळी घोरपड राहायची, म्हणून त्याला घोरपडीचं टेकाड म्हणत. ते आता नाही. आणि ते पाडलं कोणी, तर नानांनीच. स्वतःच्या जेसीबीनं, एका दुपारी.

नानांचं नाव तुळशीराम, पण आमच्या अवसरी गावात त्या नावानं त्यांना फक्त बँकेचा शिपाई ओळखतो. बाकी सगळ्यांसाठी ते जेसीबीवाले नाना. बाबा नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही वाटणीत आलेल्या तुकड्यावर, नेमकं त्यांच्या बांधाला लागून, घर बांधलं आणि पुणं सोडलं. मी घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. मला माणसांशी चटकन बोलता येत नाही. गावानं त्याचं एक कारण ठरवून टाकलं आहे. "इंग्लिश मीडियमची हाय," असं शेजारच्या बायका एकमेकींना हळू आवाजात सांगतात, एखाद्याच्या लहानपणी ताप मेंदूत गेला होता असं सांगावं तसं. नानांनी मात्र आम्ही राहायला आलो त्याच दिवशी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "पोरगी लेवल हाय."

ही त्यांच्याकडची सर्वात मोठी शाबासकी. जगातल्या वस्तूंचे नानांच्या लेखी दोनच प्रकार आहेत, लेवल असलेल्या आणि लेवल करायच्या राहिलेल्या. कोणाचं लग्न ठरलं की ते मुलामुलीची उंची, शिक्षण, पत्रिका काही विचारत नाहीत. "घराणी लेवल हायती ना? मंग झालं." भावकीतलं भांडण मिटलं की "लेवल झालं." न्हाव्याकडे गेले की कानावरच्या केसांकडे बोट दाखवून म्हणतात, "हितला चढ काड जरा." एकदा गावात एक डॉक्टर आले होते, त्यांचा पुढचा दात जरासा बाहेर होता. नाना तपासून घेताना त्या दाताकडेच बघत राहिले. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "आधी तुमचं बगू."

त्यांना जेवताना पाहणं हा तर गावाचा करमणुकीचा कार्यक्रम. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं ताटात भाताची मूद टाकली की नाना ती तशी राहू देत नाहीत. आधी चार बोटांनी माथा खाली घेतात, मग तळव्याच्या कडेनं भात सारखा पसरतात. कडेला भाताचाच बारीक बांध घालतात आणि लोणच्याच्या बाजूला तो किंचित फोडून ठेवतात, जादा वरण निघून जायला. हे सगळं होईपर्यंत वरणवाला पुढं गेलेला असतो. "आरं ये की, रान तयार हाय," म्हणून नाना त्याला मागं बोलावतात. पोरीबाळी पदर तोंडाला लावून हसतात. नानांना त्याचं काही वाटत नाही.

तरुणपणी ते कालव्याच्या कामावर बुलडोझरवर होते. नंतर कोणाच्या तरी भागीत आणि मग स्वतःचं असं जेसीबी आलं. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत त्यांनी हात न लावलेलं रान क्वचितच असेल. डाळिंबाला, कांद्याला, पोल्ट्रीला, पेट्रोलपंपाला, सगळ्यांना सपाट जागा लागते. नानांनी ती करून दिली. किती टेकाडं काढली हे ते सांगत नाहीत, पण एकही विसरलेले नाहीत.

त्यामुळे त्यांना रस्ता विचारण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे एकदा कुरिअर यायचं होतं. त्या माणसाचा फोन आला, मी अडखळत काहीतरी सांगत होते, तेवढ्यात नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. "हे बग भाऊ, येशीपासनं सरळ ये. पुढं बामणाचा माळ लागंल, तो चढून उतार. मंग बाभळीचा वगळ लागतो, त्यात उतरू नको, काठानं ये. आन् घोरपडीच्या टेकाडाला वळसा घातला की समोर घर." यातला माळ सपाट होऊन त्यावर मंगल कार्यालय उभं आहे. वगळ म्हणजे ओढा, तोही बुजवून त्यात ऊस लावलाय. तो बिचारा तासाभरानं घोडेगावच्या रस्त्यावरून फोन करत होता. "मॅडम, इथं कोणालाच माळ माहीत नाही."

"नवी पोरं," नाना म्हणाले. "जमीन वळखत न्हाईत."

पण खरी गंमत एसटीत. एकदा आळेफाट्याला जाताना ते माझ्या शेजारी बसले होते. मंचर सुटल्यापासून त्यांचं सुरू झालं. बोट खिडकीबाहेर. "हितं चढ व्हता. बैलं घाबरी व्हायची. म्या काडला." थोडं पुढं, "हितं खडक लागला व्हता. तीन दात मोडलं मशीनचं." रस्ता आता रुंद आणि सरळ झालाय, पण जिथं जिथं पूर्वी वळण होतं, तिथं नाना बसल्या जागी आपोआप कलत होते. एकदा उजवीकडे, माझ्या अंगावर, एकदा डावीकडे, खिडकीच्या गजावर. गाडी सरळ चाललेली आणि एकटे नाना वळणं घेतायत. पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळून बघायला लागला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

आळेफाटा आला. समोर ट्रक लागलेले, गॅरेजं, टायरचे ढीग, हॉटेलांच्या पाट्या. नाना त्यातल्या एका मोठ्या हॉटेलाकडे बघून म्हणाले, "त्याच्या खाली माजं टेकाड हाय."

पुढचा माणूस म्हणाला, "मंग सातबाऱ्याला नाव लावून घ्या की, पावणं."

"नाव कशाला लावू? टेकाड हाय का आता तिथं?" नाना म्हणाले. उतरेपर्यंत मग ते कललेही नाहीत.

नानांची बायको चिमाबाई. तिला सगळे नानी म्हणत. घोडेगावच्या पलीकडे, डोंगरात तिचं माहेर. कालव्याच्या कामावर असताना नाना त्या बाजूला गेले आणि लग्न जमवूनच परतले. नानी लहानखुरी, काटक, बोलायला तिखट. डोंगरातल्या भातखाचरांत वाढलेली ही बाई खाली सपाटीवर आली आणि शेवटपर्यंत सपाटीला नावं ठेवत राहिली.

"हितलं रान लई आडवं," ती म्हणायची. "निजल्यावानी. आमच्याकडं जमीन उभी ऱ्हाती."

"उभ्या जमिनीत पिकतं काय? नाचणी," नाना म्हणायचे.

"नाचणी खाऊनच एवढी तोंडाळ झाली मी. कांदा खाल्ला असता तर तुमच्यावानी झाली असती, वास यायचा नुसता."

ती आणखी एक विचित्र गोष्ट सांगायची. चढाला पाय दुखत नाहीत, सपाटीला दुखतात. आम्ही सुट्टीत गावी यायचो तेव्हा मी हे तिच्या तोंडून ऐकलं आहे. ती पाय चोळत बसलेली असायची आणि नाना हसत असायचे. म्हणायचे, "हिचं सगळंच उलटं."

संध्याकाळी मात्र नानी हातात सूप घेऊन घोरपडीच्या टेकाडावर जायची. माथ्यावरच्या त्या चपट्या दगडावर बसून तांदूळ निवडायची. मला आठवते ती तिची पाठच. मावळतीकडे तोंड, मांडीवर सूप, आणि हात कधी चाललेले, कधी थांबलेले. नाना खालून ओरडायचे, "अगं, खाली काय वारा न्हाई का?"

"तुमच्या वाऱ्याला डिझेलचा वास येतो," ती वरून म्हणायची.

पुढं नानीचे गुडघे खरोखरच गेले. मंचरच्या डॉक्टरांनी फोटो काढले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, चढ-उतार टाळा. दुसऱ्या कोणी बायकोला बजावलं असतं की आता टेकाडावर चढू नको. नानांनी चढच काढून टाकला.

नानी भाचीच्या लग्नाला घोडेगावला गेली होती. तेवढ्यात. तेव्हा आमच्या घराचं काम चालू होतं आणि जोत्यात भरायला मुरूम हवा होता. नाना बाबांना म्हणाले, "इकत कशाला आणता? माज्याकडं हाय की." मी कॉलेजला होते, सुट्टी होती, बाबांबरोबर तिथं आले होते. नाना त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी मशीनला हार घातला होता. बकेट टेकाडात शिरायची, पिवळा मुरूम ढासळायचा, ट्रॉल्या भरून आमच्या जोत्यात रिकाम्या व्हायच्या. शेवटी माथ्यावरचा चपटा दगड राहिला. तो त्यांनी ढकलत विहिरीच्या कट्ट्याशी नेऊन ठेवला. कपडे धुवायला होईल म्हणाले. मग बकेटची पाठ जमिनीवरून मागं-पुढं फिरवून रान असं चोपून काढलं, की संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्याकडे बघतच राहिलो. अगदी शेणानं सारवल्यासारखं.

नानी आली तेव्हा नाना मागच्या दारात उभे होते. लहान मुलानं चित्र काढून दाखवायला आणावं तसे.

"बग," ते म्हणाले.

नानीनं पाहिलं. तिच्या हातात लग्नातली ओटीची पिशवी होती. "टेकाड कुटंय?"

"काडलं. तुज्या गुडघ्यापायी. आता विहिरीपतोर एक चढ न्हाई. डोळं झाकून जा."

नानीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "बरं केलं. लई मोकळं झालं." आणि चहा ठेवायला आत गेली.

तिखट बोलणारी बाई एवढं गोड बोलली, हे नानांनी पुढं महिनाभर गावाला सांगितलं. "चिमी म्हणाली, बरं केलं." ज्यानं ऐकलं नसेल त्याला थांबवून सांगितलं. मला ते वाक्य तेव्हाही जरा जास्तच लेवल वाटलं होतं. पण माझं कोण ऐकणार, आणि मी सांगणार तरी काय.

त्यानंतर नानी पुढच्या ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून तांदूळ निवडायला लागली. मागच्या रानात ती कामापुरतीच जायची. पुढं एका थंडीत छातीत कफ साचल्याचं निमित्त झालं आणि ती गेली.

तिच्या तेराव्याला तिची धाकटी बहीण ताराबाई डोंगरातून आली होती. मी आईबरोबर वाढायला मदत करत होते. ताराबाई हात धुवायला म्हणून मागच्या दारात गेली आणि तिथंच उभी राहिली.

"दाजी, हितं टेकाड व्हतं ना?"

"व्हतं," नाना म्हणाले.

"मंग ताई बसायची कुटं?"

"फुडं. ओसरीवर."

"तितनं तिला खांड कशी दिसायची?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "कसली खांड?"

"आमच्या गावामागल्या डोंगराची. खाच न्हाई का त्याला, दात पडल्यावानी? ताई म्हणायची, तारे, टेकाडावर बसलं की मला माहेर दिसतंया. लगीन झाल्यापासनं बगायची. म्हणायची, मी सांजच्याला घरी जाऊन येती, ह्यांना कळत बी न्हाई." ताराबाई डोळे पुसत हसली. "तुमाला ठाव असंल की."

"ठाव हाय की," नाना म्हणाले.

मी जवळच होते. त्यांना ते ठाऊक नव्हतं, हे कळायला ओळख लागत नव्हती.

पंगत बसली. मी नानांच्या ताटात भात वाढला आणि सवयीनं थांबले, त्यांचं रान तयार होईपर्यंत. त्यांनी भाताला हात लावला नाही. मी वरण वाढलं. मूद तशीच उभी राहिली आणि वरण तिच्या अंगावरून ओघळून ताटाबाहेर, जमिनीवर गेलं. समोरचे दोघंतिघं बघत होते. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना विहिरीकडे निघाले आणि निम्म्यावर जाऊन डावीकडे वळले. तेव्हापासून ते तसेच जातात.

त्यांचा मुलगा संतोष वैतागतो. तोही मशीनच्याच धंद्यात आहे, त्याच्याकडे नवं, मोठं पोकलेन आहे. "नाना, आता न्हाई तिथं काय. सरळ चला की. लोकं हसत्यात."

"तुला दिसत न्हाई म्हणून न्हाई व्हय?" नाना म्हणतात.

मग जुनं जेसीबी रोज संध्याकाळी मागच्या रानात येऊन उभं राहायला लागलं. नेमकं टेकाडाच्या जागी. वळसा न घालता तिथं जायचा मान कुत्र्याखेरीज फक्त त्यालाच होता. नाना पुढची बकेट पूर्ण वर करायचे, इंजिन बंद करायचे, खाली उतरून शिडी लावायचे आणि धोतर सावरत बकेटमध्ये चढून मावळतीकडे तोंड करून उभे राहायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, हवेत, लोखंडी सुपात.

गावाला विषयच मिळाला. कोणी म्हणालं नाना मोबाइलची रेंज शोधतात. कोणी म्हणालं बिबट्या बघतात, कारण बिबटे आमच्याकडे उसात खरंच असतात.

"नाना, दिसला का बिबट्या?" रस्त्यावरून कोणीतरी ओरडायचं.

"दिसला की तुज्याकडं लावून देतो," नाना वरून म्हणायचे.

मला ते बघवत नव्हतं. एके दिवशी मी सगळं धैर्य गोळा करून त्यांना म्हटलं, "नाना, आमच्या गच्चीवर या ना. तिथून दिसेल." मी कोणाला आपणहून घरी बोलावल्याचं आईला इतकं नवल वाटलं, की तिनं शिरा केला.

नाना आले. त्यांची एक सवय मी आधीही पाहिली होती. आमच्याकडे येताना ते चपला दारात नाही, पार फाटकाबाहेर काढतात. आई म्हणायची, जुन्या माणसांची रीत. त्या दिवशी ते अनवाणी फाटकातून आत येताना मला आमच्या फरशीखाली काय भरलं आहे ते आठवलं.

गच्चीवर ते बराच वेळ उभे होते. हवा स्वच्छ होती. लांब मावळतीला डोंगरांची रांग होती आणि तिच्यात एक बारीक खाच. दात पडल्यासारखी. मला ती इतकी वर्षं कधी दिसली नव्हती. मी म्हटलं, "तीच ना?"

"तीच." मग म्हणाले, "पर ती हितनं बगत नव्हती."

"मुरूम तर तोच आहे नाना, खाली," मी म्हटलं. काहीतरी बरं वाटेल असं म्हणायचं होतं.

"माती ती हाय, पोरी. जागा ती न्हाई."

शिरा थंड होत होता. नानांनी डोंगरांकडे हात केला. "ह्ये एवढं कुणी रचलं आसंल? तुमच्या इंग्रजी शाळेत शिकवलं आसंल की."

मी सांगितलं. शाळेतलं भूगोलाचं पुस्तक माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं, त्यामुळे शब्द शोधत शोधत सांगितलं. हे डोंगर कोणी रचलेले नाहीत. फार पूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला आणि थरावर थर पसरत गेला. तेव्हा इथं सगळीकडे तेवढ्याच उंचीवर सपाट होतं. मग पाण्यानं ते कोरून नेलं, लाखो वर्षं. जे नेता आलं नाही ते उरलं. त्यालाच आपण डोंगर म्हणतो.

"म्हंजी पयलं सगळं लेवल व्हतं?"

"हो."

"आन् डोंगर म्हंजी उरल्यालं?"

"हो."

नाना पुन्हा त्या खाचेकडे बघायला लागले. मला वाटलं, लेवल शब्द ऐकून त्यांना आनंद होईल. "एवढ्या पाण्यानं उरू दिलं," ते म्हणाले, "आन् म्या दुपारच्यात काडलं."

मग खाली येऊन त्यांनी शिरा खाल्ला. चमच्यानं, एका कडेनं. सपाट न करता.

यंदा संतोषनं जुनं मशीन विकायचं ठरवलं. त्याचं चुकत नव्हतं. मशीन कामाला जात नव्हतं, रोज उभ्या उभ्या गंजत होतं, आणि वडील एखाद्या संध्याकाळी त्यातून पडतील ही भीती त्याला झोपू देत नव्हती. शिडी तर त्यानं आधीच लपवून ठेवली होती. आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याशी बोलणं झालं. ड्रायव्हर सकाळी न्यायला येणार होता. नाना संतोषला एवढंच म्हणाले, "तुजं तू बग."

आदल्या संध्याकाळी ते आमच्या कुंपणाशी आले. "पोरी, जरा ये. लिवर वडायला माणूस पायजे."

मी आयुष्यात स्कूटरसुद्धा कधी नीट चालवलेली नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, इंजिन चालू केलं आणि एक लिव्हर दाखवली. "मागं वडलं की वर, फुडं सारलं की खाली. पंगतीत भात वाढती तशी वड. एकदम न्हाई." बाकी कशालाही हात लावायचा नाही, असं बजावून ते खाली उतरले, समोर जाऊन जमिनीला टेकलेल्या बकेटमध्ये शिरले आणि कडेला धरून उभे राहिले. "घे."

मी ओढलं. मशीननं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि नाना वर जायला लागले. आधी टोपी काचेच्या वर गेली, मग खांदे, मग धोतर. बकेटचं लोखंड वर जाऊन अडकलं तेव्हा मला त्यांचं काहीच दिसत नव्हतं. बकेटच्या ओठाशी फक्त दोन पाय दिसत होते. अनवाणी. चपला खाली मातीत नीट जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या.

मी दोन्ही हातांनी लिव्हरजवळचा दांडा धरून बसले होते. पश्चिमेला सगळं धुरकट होतं, कुठं तरी उसाचं पाचट पेटवलं असावं. समोरची झाडंसुद्धा धड दिसत नव्हती.

"नाना, दिसतंय का?" मी ओरडून विचारलं. एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले होते ते मला आठवत नाही.

"धूर हाय लई."

मी वाट पाहिली. मग माझं लक्ष पुन्हा त्यांच्या पायांकडे गेलं. टाचा उचललेल्या होत्या. बकेट जाईल तेवढी वर गेली होती आणि तरी ते चवड्यांवर उभे होते. म्हणजे रोज असेच उभे राहत असणार.

"हातभर कमी पडतंया," ते वरून म्हणाले. मला की स्वतःला, कळलं नाही. "टेकाड उंच व्हतं."

काही वेळानं टाचा खाली आल्या. "घे खाली. भातावानी."

खाली आल्यावर त्यांनी चपला हातात घेतल्या आणि इंजिन बंद केलं. "धुरात न्हाई दिसत," म्हणाले. "पर हाय तिथंच."

सकाळी ड्रायव्हर आला. तिशीतला, हसरा, कानात इअरफोनची तार. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली, वर चढला, धूर सोडला. आता नाना कसे वागतील या काळजीनं संतोष कमरेवर हात ठेवून उभा होता. मी कुंपणाशी होते. नाना विहिरीच्या कट्ट्यावर, त्या चपट्या दगडावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

ड्रायव्हरनं बाजूला उभं असलेलं संतोषचं पोकलेन चुकवायला मशीन मागं घेतलं, रानाच्या टोकाला नेलं, मग तोंड रस्त्याकडे केलं आणि सरळ निघाला. कोणीही सरळच गेला असता.

"ए भाऊ," नाना उठून उभे राहिले. "वळसा घाल."

ड्रायव्हरनं ब्रेक लावला. पुढं वाकून जमीन बघितली. "पाइपलाइन हाय का खाली?"

"न्हाई."

"खड्डा बुजवलाय का?"

"न्हाई."

"मंग वळसा कशाला घालू, बाबा? लेवल तर हाय सगळं."

हा शब्द नानांचाच होता. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. ड्रायव्हर आता संतोषकडे बघत होता, या म्हाताऱ्याचं काय करायचं अशा नजरेनं. संतोषनं त्या रिकाम्या रानाकडे पाहिलं. मग वडिलांकडे. आता तो नेहमीचं वाक्य म्हणेल, असं मला वाटलं.

"घाल, भाऊ," संतोष म्हणाला. "तिथं टेकाड हाय."

ड्रायव्हरनं कानातली तार काढली. दोघांकडे एकेकदा पाहिलं. मग चाक फिरवलं, आणि ते मोठं पिवळं मशीन डावीकडे वळून सपाट रानातून, कशालाही न लागता, सावकाश गोल फिरत रस्त्याला लागलं.

मऊ मातीत चाकांचे ठसे उमटले होते. घोरपडीचं टेकाड केवढं होतं ते मला इतक्या वर्षांनी पुन्हा दिसलं.

नाना बराच वेळ त्या ठशांकडे बघत होते. मग घराकडे निघाले, ठशांच्या बाहेरून. संतोष दोन पावलं मागं होता. तो क्षणभर थांबला आणि त्यांच्या मागोमाग बाहेरूनच गेला. कुत्रं मधून सरळ गेलं आणि दारात जाऊन दोघांची वाट बघत बसलं.